ठरलेलं मोडलं, जीव लावलेलं माणूस गेलं: ख्रिस्ती तरुण-तरुणींसाठी सावरण्याची वाट

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, कुणाचं जमलेलं मोडलं की चार दिवसांत दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, 'देवाच्या मनात नसेल गं.' आणि दुसरं, 'सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच होतं.' दुसरं वाक्य रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं आहे आणि मी ते खरं मानते. पण रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या मुलीला ते सकाळी चहाच्या कपाबरोबर ऐकवणाऱ्यांनी नीतिसूत्रे 25:20 एकदा वाचावं. खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीत त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

तरुण संघात काम करताना दोन प्रकारची मुलं-मुली माझ्यापर्यंत येतात. एक म्हणजे ज्यांचं प्रेमाचं नातं तुटलं, बहुतेकदा घरात कुणाला पत्ताही नसताना. दुसरी, ज्यांचा साखरपुडा झाला होता, हॉल ठरला होता, आणि मग मोडलं. पहिल्यांना दुःख लपवावं लागतं, दुसऱ्यांना ते सगळ्यांसमोर भोगावं लागतं. आपला समाज लहान. अहिल्यानगरात काही झालं की पुण्यातल्या मावशीला जेवायच्या आत कळतं. पुढचं लिहिलंय ते दोघांसाठीही. क्रमाने वाचा, कारण क्रम चुकला की चांगलं वचनसुद्धा टोचतं. माझ्या मते ख्रिस्ती सांत्वनात सर्वांत मोठी चूक घाईची होते. क्षमेची घाई, साक्ष देण्याची घाई, 'देवाची योजना' शोधण्याची घाई.

पहिला आठवडा: आधी अन्न आणि झोप

1 राजे, अध्याय 19 उघडा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडुपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने दूत पाठवला. त्या दूताने उपदेश केला नाही, 'विश्वास कुठे गेला' म्हणून विचारलं नाही. हात लावून उठवलं आणि जेव म्हणाला. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा जेवायला सांगितलं, कारण वाट लांबची होती. मग चाळीस दिवस चालून तो होरेबला पोचला. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न तिथे, इतक्या उशिरा आला.

म्हणून पहिल्या आठवड्यात एवढंच करा. मऊ भात, वरण, पेज, दही, जे घशाखाली उतरेल ते दिवसातून तीनदा खा, भूक नसली तरी. रात्री एकट्याने झोपू नका. आई, बहीण, रूममेट, कुणीही त्या खोलीत असू द्या. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, कारण रात्री दोनला लिहिलेला लांबलचक मेसेज सकाळी वाचवत नाही. कामावर दोन दिवसांची रजा टाका. 'घरगुती कारण' एवढं लिहिलं की भागतं.

या आठवड्यात मोठा निर्णय नको. राजीनामा नको, गाव सोडणं नको. आणि 'आता लग्नच नको, मी पूर्णवेळ सेवेत जाते' हेही नको. बायबल कॉलेजचा फॉर्म सहा महिन्यांनीही भरता येतो. देवाचं पाचारण, म्हणजे सेवेसाठी बोलावणं, असेल तर ते तोवर टिकेल.

'त्याला परत आणण्यासाठी' उपवास-प्रार्थना धरणारेही पुष्कळ असतात. उपवासाला माझा विरोध नाही, पण ज्याचं अन्न आधीच तुटलंय त्याने आत्ता उपवास धरू नये. एलीयाला देवाने जेवायला घातलं, उपाशी ठेवलं नाही.

आणि एक महत्त्वाचं. जगू नये असं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात घोळत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. जवळच्या माणसाला 'माझ्यापाशी थांब' एवढं स्पष्ट सांगा. धोका अगदी समोर असेल तर 112 लावा किंवा थेट दवाखान्यात जा. असा विचार येणं म्हणजे अविश्वास नव्हे. एलीयाने तो देवाच्या तोंडावर बोलून दाखवला होता.

दुसरा आठवडा: रडण्याला प्रार्थनेचं रूप द्या

आपल्या भक्तीत आनंदाची गाणी भरपूर आणि विलाप फार थोडा. बायबलमध्ये मात्र विलाप जागोजाग आहे. स्तोत्र 13 सहा वचनांचं आहे आणि पहिल्या दोनच वचनांत देवाला 'कोठवर?' असं चारदा विचारलंय. स्तोत्र 55 वाचा. तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा जिवलग, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात असे. एकाच तरुण संघात भेटलेल्या दोघांना याहून जवळचं वचन सापडणार नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, आशेची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

विलापगीताची रचना मला फार शिकवते. पाच अध्याय. तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर ती प्रसिद्ध वचनं येतात, प्रभूची दया रोज सकाळी नवी होते ती. आपण तेवढीच फ्रेम करून भिंतीला लावतो. पण पुस्तक तिथे संपत नाही. त्यानंतर रडणं पुन्हा सुरू होतं आणि शेवट जवळजवळ प्रश्नावर होतो: तू आम्हांला अगदीच टाकून दिलंस का? आशा मध्येच लागली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रडू आलं, म्हणून तुमचा विश्वास खोटा ठरत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. एक साधी वही घ्या. मोबाईल नको, कारण त्यात दोन बोटांवर त्याचा प्रोफाईल असतो. रोज रात्री एक ठरावीक वेळ, पंधरा-वीस मिनिटं. स्तोत्र 13 एकदा मोठ्याने वाचा. मग त्याच वळणावर चार गोष्टी लिहा: देवाला हाक, तक्रार, मागणं, आणि जमलं तर विश्वासाची एखादी ओळ. ही चौथी जागा कोरी राहिली तरी चालेल. कशी दिसेल ही प्रार्थना, ते नमुन्यादाखल देते.

'प्रभू, आज परत त्याचं स्टेटस बघितलं. हसतोय. मी तीनपर्यंत जागी होते.

तू बघत होतास ना? आम्ही दोघं तुझ्याच समोर गुडघे टेकत होतो. मग तू गप्प का राहिलास? त्याला जायचंच होतं तर माझ्या आईला "आई" म्हणायची काय गरज होती?

मला झोप दे. ऑफिसात रडू येऊ नये एवढं कर. आणि काकू विचारायला आल्या की मला उत्तर सुचू दे.

तुझ्यावर भरवसा आहे असं आज म्हणवत नाही. पण बोलतेय तुझ्याशीच.'

एवढं पुरे. भाषा सजवू नका. मोठ्याने प्रार्थना करायची सवय असणाऱ्यांना हे लिहिणं सुरुवातीला अवघड जातं, कारण चारचौघांतल्या प्रार्थनेचे ठरलेले शब्द आपोआप येत राहतात. ते आले की खोडा आणि खरं काय ते लिहा. रोज वाचण्यासाठी एकच आधाराचं वचन हवं असेल तर स्तोत्र 34:18 घ्या: 'परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो.' या वचनात कारण नाही, योजना नाही, फक्त त्याचं जवळ असणं आहे.

शुभ शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यातला चौथा आठवतो? 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' येशूने ही ओळ स्तोत्र 22 मधून घेतली. टाकून दिल्याचं दुःख बोलायला त्यालाही जुन्या विलापाचे शब्द लागले. मग ते शब्द तुम्ही वापरण्यात कसला संकोच?

कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही

दोन किंवा तीन माणसं निवडा. त्यांच्यात एक तरी तुमच्याहून वयाने मोठं असावं आणि एक तरी असं, जे तुमच्या जुन्या जोडीदाराचं नातेवाईक नसेल. आपल्याकडे दुसरी अट पाळणं कठीण, मला माहीत आहे.

निवडायची कसोटी बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकात आहे. त्याचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता. तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. तुमच्या ओळखीत जे माणूस गप्प बसू शकतं, ते पहिलं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना ग्रुपवर हे टाकू नका. 'अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, तिचं लग्न मोडलं आहे' हा मेसेज प्रार्थनेपेक्षा वेगाने फॉरवर्ड होतो. कुणी आधीच टाकला असेल तर ग्रुप अ‍ॅडमिनला फोन करून काढायला सांगा. अगदी शांतपणे, पण सांगाच.

पाळकसाहेबांकडे जायचं असेल तर रविवारी भक्तीनंतर दारात उभं राहून बोलू नका. वेळ मागून घ्या. मुलींनी पाळकबाई किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या बाईंना सोबत ठेवलं तर बरं. बोलणं सुरू करण्याआधीच विचारा, 'पाळकसाहेब, हे आपल्या दोघांतच राहील ना? वडीलमंडळींपुढे जाणार नाही ना?' असं विचारणं उद्धटपणा नाही. काय हवंय तेही सांगा: नुसतं ऐकून घ्यायचंय, सल्ला हवाय, की घरच्यांशी बोलायला मध्यस्थ हवाय. कॅथॉलिक असाल तर लक्षात ठेवा, पापनिवेदनात सांगितलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, तो नियम कडक आहे. ऑफिसात बसून केलेलं बोलणं त्या नियमात येत नाही, तिथेही गुप्ततेचं आधी विचारून घ्या.

एका प्रकारच्या माणसापासून मात्र दूर राहा. 'प्रभूने मला दाखवलं, तो परत येणार आहे' असं सांगणारा. त्यापुढे तेलाची बाटली, विशेष अर्पण किंवा 'घराण्याचा शाप' निघाला तर उठून या. यिर्मया 23 मध्ये स्वतःच्या मनातले दृष्टान्त देवाच्या नावावर खपवणाऱ्या संदेष्ट्यांबद्दल देव काय म्हणतो ते वाचा. अशा भाकितावर मुलं-मुली वर्षानुवर्षं वाट बघत बसतात.

याच संदर्भात कधी कधी लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण दिलं जातं. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, आपल्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी दोघांचा संसार पुन्हा सुरू झाला आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मोठी गोष्ट आहे. पण ते लग्न झालेले नवरा-बायको होते, आणि त्यांची ताटातूट धर्मांतरावरून झाली होती, मन उडाल्यामुळे नव्हे. 'ते एकत्र आले, तुमचंही होईल' असं त्यातून निघत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण नाही, कशातच लक्ष लागत नाही, असं चालू राहिलं तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जा. मिशन दवाखाने आपल्याच माणसांनी चालवले, तिथे औषध घेताना आपल्याला कधी विश्वास आड आला नाही. मनाच्या औषधालाही तोच न्याय.

देण्याघेण्याचा व्यवहार: योसेफासारखा

मत्तयाच्या पहिल्या अध्यायात एक मागणी जवळजवळ मोडली होती हे आपण नाताळच्या नाटकात विसरतो. मरीयेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा, देवदूताने खरं काय ते सांगितलं ते स्वप्न योसेफाला अजून पडलेलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने त्याची फसवणूक झाली होती. तरी त्याने काय ठरवलं? तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडायचं. शास्त्र त्याला नीतिमान म्हणतं ते इथेच. मोडलेल्या लग्नाचा व्यवहार कसा करावा याचं हे माप. चारचौघांत एकमेकांचं चारित्र्य काढायचं नाही.

साखरपुडा झाला असेल तर कामं भराभर उरकून टाका, रेंगाळली की जखम उघडी राहते.

दोन्हीकडचे एकेक मोठं माणूस बसवा. मुलामुलीने स्वतः बसू नये. अंगठी, दागिने, साड्या यांची यादी करून परत द्या-घ्या आणि त्या दोघा मोठ्यांच्या सह्या घ्या. हॉलचा, केटररचा अ‍ॅडव्हान्स कुणी भरला आणि किती बुडला हे त्याच दिवशी मिटवा. चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा सुरू झाल्या असतील, तर दोन्ही घरांतून पाळकांना किंवा फादरांना चिठ्ठी द्या की पुढच्या रविवारी नाव वाचू नये. तोंडी निरोपावर राहू नका. गर्दीच्या रविवारी नाव चुकून वाचलं गेलं तर तो प्रसंग वाईट असतो.

नातेवाइकांसाठी एकच मेसेज तयार ठेवा आणि सगळ्यांना तोच पाठवा: 'सलाम. दोन्ही कुटुंबांनी विचार करून हा विवाह न करण्याचं ठरवलं आहे. कृपया कारण विचारू नये. दोघांसाठी प्रार्थना करावी.' यावरही जी आत्या फोन करेल तिला आईने उत्तर द्यावं. तुम्ही नाही.

फोनचं काय? माझं मत कडक आहे: काही महिने पूर्ण संपर्क बंद. 'मित्र म्हणून राहू' हे सुरुवातीला बहुतेक वेळा एकाच बाजूचं असतं. ईमेल, बँक, ओटीटी, जिथे जिथे पासवर्ड दिले होते ते बदला. फोटो लगेच पुसू नका. पेनड्राइव्हवर काढून बहिणीकडे द्या.

जुने फोटो किंवा चॅट दाखवून कुणी धमकावत असेल तर तो गुन्हा आहे. स्क्रीनशॉट ठेवा, काहीही पुसू नका, पैसे देऊ नका, पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा. बायकांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. 'ख्रिस्ती माणसाने पोलिसांत जाऊ नये, क्षमा करावी' असं कुणी वडीलमंडळींपैकी म्हणालं तर ऐकू नका. पौलाने स्वतः रोमी नागरिक म्हणून आपले हक्क मागितले आणि कैसराकडे दाद मागितली.

मनातला डाग

हे चारचौघांत बोललं जात नाही म्हणून थोडक्यात पण सरळ लिहिते. नात्यात शारीरिक जवळीक झाली असेल तर तुटल्यावर दुःखाबरोबर शरमही येते. मुलीच्या वाट्याला ती दुप्पट येते, कारण 'आता तुला कोण करणार' हा प्रश्न मुलाला कुणी विचारत नाही. चर्चची शिकवण तुम्हाला माहीत आहे, ती मी पातळ करत नाही. पण त्याच चर्चचं वचन आहे, 1 योहान 1:9: आपण पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून क्षमा करील आणि सर्व अनीतीपासून शुद्ध करील. 'सर्व' यात हेही आलं. एकदा मनापासून कबूल करा, आणि रोज रात्री तेच पाप पुन्हा उकरून काढू नका. विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट पाहा. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू भर दुपारी निवांत बोलत बसला. तिचा इतिहास त्याला आधीच माहीत होता.

जोडीदार दुसऱ्या धर्माचा होता म्हणून तुटलं असेल, तर 'विजोड होऊ नका' हे वचन घरात आधीच ऐकलं असेल. तुम्ही ते पाळलं असेल तर त्याची किंमत मोजलीत. किंमत मोजलेल्या माणसाला 'सुटलीस बाई' म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

क्षमा: सावकाश, आणि मेसेज न पाठवता

उत्पत्तीच्या 42 ते 45 या अध्यायांत दुसरा योसेफ आहे, भावांनी विकलेला. तो भावांना ओळखतो, पण ओळख देत नाही. बाजूला जाऊन रडतो, त्यांना पारखतो, दुसऱ्या फेरीची वाट बघतो. क्षमा त्याने केली, पण पहिल्या भेटीत गळ्यात पडून नाही. प्रेषित पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं इतकं वाजलं की दोघं वेगळ्या वाटांनी गेले. ज्या मार्क नावाच्या सोबत्यावरून भांडण झालं त्याला पुढे पौल 'उपयोगी' म्हणतो. मधे वर्षं गेली होती. रोमकरांस 12:18 मध्ये शांतीने राहण्याची आज्ञासुद्धा 'साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' अशी आहे. समोरच्याचा वाटा तुमच्या हातात नाही.

क्षमा करणं आणि परत नातं जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी. क्षमा तुम्ही देवासमोर एकट्याने करू शकता. परत जोडायला दोघं लागतात, आणि पश्चात्ताप लागतो.

करायचं काय? विलापाच्या वहीत, निदान महिनाभर गेल्यावर, एक ओळ वाढवा: 'प्रभू, त्याचा हिशोब मी तुझ्याकडे देते.' काही दिवस ती ओळ खोटी वाटेल. लिहीत राहा. आणि 'मी तुला क्षमा केली' असा मेसेज मात्र त्याला पाठवू नका. दहांतल्या नऊ वेळा तो मेसेज क्षमेचा नसतो, निळ्या टिकची वाट बघण्याचा असतो.

'देवाने तर खात्री दिली होती'

ही सगळ्यांत खोल जखम. माणूस गेलं ते गेलंच, शिवाय देवाचा आवाज आपल्याला ओळखता येत नाही की काय, ही भीती मागे राहते. 'प्रार्थना केली, वचन मिळालं, शांती वाटली, मग हे कसं?' मी याचं असं उत्तर देते: शांती वाटणं खरं असू शकतं, ती प्रेमात पडल्याचीही असू शकते, आणि त्या दोन शांती आतून सारख्याच वाटतात. तुम्ही फसलात याचा अर्थ देव खोटं बोलला असा नाही, आणि तुम्ही देवाला ओळखतच नाही असाही नाही. शिवाय दोन माणसांच्या नात्यात दुसऱ्याला 'नाही' म्हणायची मोकळीक असते. देव ती मोडत नाही.

पुढच्या मार्गदर्शनासाठी डोळे मिटून बायबल उघडणं आणि बोट ठेवणं बंद करा. गिदोनासारखी, देवाकडे खूण मागत लोकर टाकणंही नको, कारण गिदोनाने ती देवाचं स्पष्ट वचन मिळाल्यावर, खात्री होईना म्हणून टाकली होती. स्तोत्र 119:105 मध्ये देवाचं वचन पावलांसाठी दिवा आहे. त्या काळच्या तेलाच्या दिव्याने पुढचं पाऊल दिसायचं, पुढचं गाव नाही. म्हणून प्रश्नही तेवढेच विचारा. 'मी कधी लग्न करीन?' यापेक्षा 'हा शनिवार कसा काढू?' याचं उत्तर मिळणं सोपं आहे.

तो किंवा ती परत आली तर? घाईने हो म्हणू नका, घाईने नाहीही म्हणू नका. बघा, ज्या कारणाने तुटलं ते बदललंय का, आणि ते बदललेलं तुमच्याशिवाय आणखी कुणाला दिसतंय का. फक्त एकटेपणा वाटला म्हणून परत येणं हे कारण पुरत नाही. नात्यात मारहाण, धमकी, पाळत असं काही होतं तर उत्तर नाही हेच. त्यावर प्रार्थना करत बसायची गरज नाही.

रविवार, कॉयर आणि नाताळ

दोघं एकाच मंडळीत असाल तर खरी परीक्षा रविवारी असते. तो तबल्यावर, ती कॉयरच्या आल्टो आवाजांत. पहिला महिनाभर मंडळी सोडू नका, एकटे पडाल. पण जागा बदला, शक्य असेल तर वेळ बदला. सकाळची मराठी भक्ती आणि संध्याकाळची इंग्रजी, असं असेल तर वाटून घ्या. कॉयर लीडरला 'या सीझनला सुट्टी द्या' म्हणून सांगा. संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवायला जा, तिथे कुणी चौकशी करत नाही. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एखादं गीत सुरू झालं आणि घसा दाटला तर बाहेर पडा, पाणी प्या, परत या. कुणी बघितलं तर बघू द्या.

मनात राग आहे म्हणून प्रभुभोजन घ्यावं की नाही, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. राग असणं आणि राग जपणं यात फरक आहे. जो माणूस रागाबद्दल देवाशी रोज भांडतोय तो टेबलापासून दूर नाही, असं मला वाटतं. तरी मन खात असेल तर पाळकांशी बोला, पण एकट्याने निकाल लावून महिनोन्महिने मागच्या बाकावर बसू नका.

डिसेंबरची तयारी नोव्हेंबरातच करा. कॅरलच्या फेऱ्या, करंज्या-चकल्यांच्या रात्री, एकतीसची मध्यरात्रीची उपासना, सगळीकडे गेल्या वर्षीचं काहीतरी उभं असतं. आधी ठरवा: कॅरलला या वर्षी नाही. पंचवीसच्या सकाळी चर्चला जायचं, मावशीशेजारी बसायचं, भक्ती संपताच बाहेर. एकतीसला घरीच कौटुंबिक प्रार्थना. कुणी विचारलंच तर 'घरी पाहुणे आहेत' म्हणा. मावशीला बोलवा, म्हणजे ते खरंही होईल.

नवीन स्थळ

घरचे लवकर सुरू करतात, काळजीपोटी. आईला एक तारीख द्या: 'ईस्टरपर्यंत कुणाला घरी बोलवू नकोस, त्यानंतर मी स्वतः सांगेन.' ठराविक मुदत दिली की आया थांबतात. 'बघू' म्हटलं की थांबत नाहीत.

तयार आहात का, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. नवीन माणसाशी बोलताना तुम्ही जुन्याशी तुलना करता की त्याचं बोलणं ऐकता? तुलना चालू असेल तर अजून थोडं थांबा.

आणि समोरच्याला सांगायचं का? साखरपुडा मोडला असेल तर होय, पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, कारण ते बाहेरून कळणारच आहे. सगळा तपशील नको. जुन्या माणसाची बदनामी तर नकोच. एवढं पुरे: 'माझं आधी एकदा ठरलं होतं, ते मोडलं. कारण तुम्हाला हवं असेल तर सांगेन, पण त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही.' या वाक्यावर समोरचा कसा वागतो ते नीट बघा. पुढे चहाला भेटायचं की नाही, हे त्यावरून ठरवता येतं.